तवंग

(पडद्यावर: स्टीलची परात, पाणी, त्यावर पांढरी पावडर. आवाज फक्त पत्र्यावरच्या पावसाचा.)

परातीत पाणी आहे. त्यावर अंगाला लावायची साधी पावडर भुरभुरलीय. आता सुईचं टोक खोबरेलात बुडवायचं आणि पाण्याला नुसतं टेकवायचं.

(थांबा. पावडर पळताना दिसू द्या.)

पावडर कडेला पळाली, मधोमध गोल मैदान मोकळं झालं. रिकामं वाटतं, पण रिकामं नाही. तिथं तेल पसरलंय, आपल्याला दिसत नाही इतकंच. हुमणावरचा, म्हणजे माशाच्या आमटीवरचा, तवंग दिसतो. पावसात पर्वरीच्या रस्त्यावर, डबक्यात डिझेलचे रंग दिसतात. पण रंग दिसले की समजायचं, थर जाड आहे, शेकडो नॅनोमीटरचा. आपण ज्याच्या मागे आहोत तो तवंग फक्त एका रेणूएवढा उंच. अडीच नॅनोमीटर. केसाच्या जाडीत असे पंचवीस-तीस हजार थर मावतील.

हे माप काढायला यंत्र लागतंच असं नाही. बेंजामिन फ्रँकलिननं लंडनजवळ क्लॅपहॅमच्या तळ्यात चमचाभर तेल ओतलं. वाऱ्यानं थरथरणारं पाणी अर्धा एकरभर आरशासारखं शांत झालं. 1774 साली त्यानं ते छापलंही. चमचाभर तेलाला अर्ध्या एकरानं भागलं की उत्तर येतं अडीच नॅनोमीटर. तो भागाकार तेवढा त्याच्या हातून राहिला.

(पडद्यावर: प्रयोगशाळेचं दार, बाहेर काढलेल्या चपला, ओल्या छत्र्या.)

गोव्यातल्या पठारावरच्या एका प्रयोगशाळेत आम्ही जुलैमध्ये तीन दिवस चित्रीकरण केलं. ही मुलगी पेडण्याची, संशोधन करते. माशातलं फॉर्माल्डिहाइड, म्हणजे फॉर्मेलिनमधलं रसायन, हवेतून ओळखणारी पेटी तिला बनवायचीय, आणि त्या पेटीचं नाक म्हणजे असाच एक पातळ थर. तिच्यासमोर जे पांढरं, लांबट, उथळ भांडं दिसतंय त्याला इथं सगळे 'ट्रफ' म्हणतात. टेफ्लॉनचं आहे. सकाळचे पहिले दोन तास ती फक्त ते धुते. क्लोरोफॉर्मनं पुसते, पाणी भरते, पाण्याचा वरचा थर पंपाच्या बारीक नळीनं ओढून घेते, पुन्हा भरते. पाणीही नळाचं नव्हे. त्याची विद्युतरोधकता 18.2 मेगओहम सेंटिमीटर भरली तरच ते चालतं, नाहीतर ओतून द्यायचं.

इथं एक कबुली. पहिल्या दिवशी आमच्या कॅमेरामननं फोकस लावताना ट्रफच्या कडेला बोट टेकवलं. बोटाचं तेल पाण्यावर गेलं. मुलगी काही बोलली नाही, पाणी ओतून देऊन तिनं पुन्हा धुवायला घेतलं. आमचा अर्धा दिवस गेला. तिचाही.

(पडद्यावर: सुई, थेंब, पाणी. अगदी जवळून.)

हा थेंब स्टिअरिक आम्लाचा, क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवलेला. मेणबत्तीत असतं तेच आम्ल. या रेणूचं डोकं पाण्यावर प्रेम करतं, शेपूट पाण्याला भिते. थेंब पडतो, पसरतो. पंधरा मिनिटांत क्लोरोफॉर्म उडून जातो आणि पाण्यावर उरतात ते विखुरलेले रेणू, शेपट्या कशाही टाकलेले.

आता दोन्ही बाजूंच्या पट्ट्या हळूहळू जवळ येतात. मिनिटाला काही मिलिमीटर, त्याहून घाई नाही. पाण्यात अर्धवट बुडालेला हा फिल्टर पेपरचा तुकडा पाणी त्याला किती ओढतंय ते सांगतो. थरामुळे ती ओढ किती घटली, तो पडद्यावरचा आकडा. शून्य. अजून शून्य. चवथीच्या आदल्या दिवशी पणजीहून मडगावला जाणारी बस आठवा. सुरुवातीला दोघांच्या बाकावर एकटाच पसरून बसलेला असतो. कंडक्टर 'फुडें वचात, फुडें' म्हणत राहतो, आणि दहा मिनिटांत सगळे खांद्याला खांदा लावून ताठ उभे. पट्ट्या म्हणजे तो कंडक्टर. आकडा चढायला लागतो. पाच. बारा. पंचवीस. आता एकेका रेणूच्या वाट्याला फक्त 0.2 चौरस नॅनोमीटर जागा उरलीय आणि शेपट्या सगळ्या वर. आणखी दाबलं तर थर मोडतो, दुमडतो, आलेख कोसळतो. पंचवीस ते तीसच्या मध्ये थांबता येणं, हे कसब.

(पडद्यावर: काचेची पट्टी पाण्यातून वर येताना. पूर्ण वेग, कट नाही.)

आणि आता काच पाण्यातून बाहेर येते. मिनिटाला पाच मिलिमीटर. येताना थर अंगावर घेऊन येते. पुन्हा बुडवली की दुसरा. काच कोरडी दिसते, कारण शेपट्या बाहेर आहेत आणि पाणी तिथं टिकत नाही. हे दृश्य आम्ही कापलेलं नाही.

या भांड्याची पहिली आवृत्ती प्रयोगशाळेत बनली नाही. जर्मनीत ब्राउनश्वाइगला आग्नेस पॉकेल्स नावाची मुलगी राहायची. मुलींना विद्यापीठाचं दार बंद, घरी आजारी आईवडील. भांडी घासताना तिनं पाण्यावरच्या तेलकटपणाकडे लक्ष दिलं. पत्र्याचं लांबट भांडं घेतलं, त्यावर पत्र्याचीच पट्टी आडवी सरकवत नेली, आणि बटणासारखी चकती तराजूला टांगून पाण्याची ओढ मोजली. तिची मोजमापं जवळपास दहा वर्षं घरातच पडून होती. जानेवारी 1891 मध्ये तिनं इंग्लंडचे भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅली यांना जर्मनमधून पत्र लिहिलं. लेडी रॅलींनी भाषांतर केलं, रॅलींनी ते 'नेचर'कडे पाठवलं, मार्चमध्ये छापून आलं. पुढे अर्व्हिंग लँगम्यूरनं हेच काम नव्या तराजूवर केलं. त्याला 1932 सालचं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. थरावर थर चढवण्याची रीत त्याची सहकारी कॅथरीन ब्लॉजेटची. तिनं 1938 मध्ये काचेवर असे 44 थर चढवले आणि काचेची चकाकीच घालवली.

(पडद्यावर: चिमट्यात धरलेली गोल चकती, मध्यभागी सोन्याचा ठिपका.)

आता सोनं. ही क्वार्ट्झची चकती सेकंदाला पन्नास लाख वेळा थरथरते. अंगावर काही बसलं की थरथर मंदावते. किती बसलं तर किती मंदावते, हा हिशेब झाउअरब्रे यानं 1959 साली मांडून ठेवला: दर चौरस सेंटिमीटरला 17.7 नॅनोग्रॅम बसले की एक हर्ट्झ कमी. स्टिअरिक आम्लाचा एक थर चढला की साधारण 13 हर्ट्झ उतरतात. मुलगी हे आधी कागदावर काढते आणि मग मोजते. आकडा जुळला तर थर नीट बसला.

हवेतलं काही पकडायला थर पातळ का हवा? जाड थरात रेणू आत शिरेपर्यंत वेळ जातो, बाहेर पडायला त्याहून जास्त. पातळ थरात आत असं काही नसतंच. जे आहे ते सगळं उंबरठ्यावर.

उंबरठ्यावर कोणाला बसवायचं हे रसायनाचं काम. सायक्लोडेक्स्ट्रिन घेतलं तर ती साखरेच्या कड्यांची वाटी होते, मापात बसेल तोच रेणू तिच्यात शिरतो. मुलीला फॉर्माल्डिहाइड पकडायचंय, म्हणून तिनं अमाईन, म्हणजे नायट्रोजनचा गट असलेलं रसायन, निवडलं. अमाईन त्याला हात धरून ओढून घेतं आणि त्या झटापटीत पाण्याचा एक रेणू सुटून जातो. म्हणजे 30 वजनाचा पाहुणा आला, 18 वजनाचं पाणी गेलं, उरले 12. एकेरी थर पूर्ण भरला तरी जेमतेम अर्धा हर्ट्झ हलतो. मग ती एकाच रेणूवर पुष्कळ अमाईन असलेलं बहुवारिक, म्हणजे पॉलिमर, घेते. चकती आधी धन भाराच्या द्रावणात, मग ऋण भाराच्या, मग पुन्हा धन. मध्ये प्रत्येक वेळी धुणं. ही चकती आमच्यासमोर सोळा वेळा बुडली. आम्ही तुम्हाला तीन दाखवतोय.

(पडद्यावर: खिडकी, पाऊस, भिंतीवरची बुरशी. मग मीटरचा आकडा.)

खरं भांडण वेगळ्याच कोणाशी आहे. अमाईनला फॉर्माल्डिहाइड आवडतं, पण पाण्याची वाफही आवडते. गोव्यातला जुलै म्हणजे भिंतीसुद्धा घामेजलेल्या. खिडकी उघडली आणि आकडा घसरला. वास नाही, मासा नाही, नुसती हवा. यावर उपाय म्हणून शेजारी दुसरी चकती ठेवतात, तिच्यावर अमाईन नाही. दोघींची वजाबाकी करायची. आणि जवळपास व्हिनेगर नको. इथल्या घरात हे सांगणं म्हणजे अवघडच.

(पडद्यावर: मडगावचा घाऊक मासळी बाजार, पहाट. बर्फ, टोपल्या, पाय.)

1 जून ते 31 जुलै किनाऱ्यावर यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, तेव्हा ट्रक बाहेरून येतात. 2018 च्या जुलैत फॉर्मेलिनवरून इथं गदारोळ झाला, बाहेरच्या मासळीवर काही दिवस बंदी आली, पुष्कळ घरांत मासा शिजला नाही. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेची कागदी पट्टी आहे: माशावर घासायची, थेंब टाकायचा, रंग बघायचा. पण मेलेल्या माशात थोडं फॉर्माल्डिहाइड आपोआपही तयार होतं, बोंबलासारख्यात जास्तच. म्हणून नुसतं 'आहे का' पुरत नाही, 'किती' हवं.

(मूळ आवाज ठेवा. पाटावर बसलेली मासळीवाली मावशी: "हें कितें गो बाये?" मुलगी: "मावशी, वास मोजतंय." मावशी बांगडा उचलून नाकाशी धरते, मग पेटीसमोर धरते. हसणं.)

चकतीची ही पेटी अजून बाजारात काम करत नाही. त्या दिवशीही केलं नाही, आकडा बर्फाच्या वाफेनंच हलत राहिला.

(पडद्यावर: संध्याकाळ. प्रयोगशाळा. रिकामा ट्रफ.)

सहा वाजता ती पाणी ओतून देते. कागदाचा तुकडा फेकते. भांडं पुसते, उलटं ठेवत नाही, झाकते. कोपऱ्यात गाळणीचं यंत्र गुणगुणतंय, उद्याचं पाणी.

(यंत्राचा आवाज. पावसाचा आवाज. काळा पडदा.)