फाइलमधलं वजन

(पडद्यावर रक्ततपासणीचा कागद)

क्रिएटिनिन, म्हणजे स्नायूंतून निघणारा आणि मूत्रपिंडांनी गाळून टाकायचा कचरा: डेसिलिटरला १.१ मिलिग्रॅम. आकडा लाल नाही, ठळक नाही. नजर सहज पुढच्या ओळीवर जाते. पण हे रक्त ७८ वर्षांच्या आजींचं आहे. अंगावर मांस थोडं, म्हणून क्रिएटिनिन मुळात तयारच कमी होतं. मूत्रपिंडं थकली तरी आकडा आपला साळसूद.

(संगणकावर भरायच्या चौकटी)

डॉक्टर औषधाचं नाव टाइप करतात आणि निर्णयाला मदत करणारी प्रणाली हिशेब मांडते: मूत्रपिंडं मिनिटाला किती रक्त गाळतात. सूत्र १९७६ सालचं, कॉकक्रॉफ्ट आणि गॉल्ट यांचं. १४० मधून वय वजा करा, वजनानं गुणा, क्रिएटिनिनच्या ७२ पटीनं भागा. स्त्री असेल तर उत्तराचे ८५ टक्के धरा. फाइलमध्ये आजींचं वजन ६० किलो. उत्तर येतं मिनिटाला ४० मिलिलिटर.

नर्स आजींना काट्यावर उभं करते. ४५.

पुन्हा हिशेब. आता उत्तर ३०च्या किंचित खाली. कित्येक औषधांचा डोस याच ३०वर बदलतो, काही तर थांबवावी लागतात. संगणकाचं गणित दोन्ही वेळा बरोबरच होतं.

(प्रयोगशाळा, नमुन्याची नळी)

वय-वजन ही वरवरची ओळख झाली. कोडीन घ्या. शरीरात त्याचं मॉर्फिन होतं, तेव्हा कुठे दुखणं शमतं. ते काम सीवायपी२डी६ या एन्झाइमचं, आणि ते कुणात किती चालतं हे जनुकं ठरवतात. कुणात ते जवळजवळ नसतंच. गोळी घेतली काय, न घेतली काय. कुणात ते इतकं तेज की नेहमीच्या डोसनेही श्वास मंदावू शकतो. जनुकांची नोंद प्रणालीत असेल, तर कोडीन लिहितानाच इशारा मिळतो. युरोपातल्या सात देशांत १२ जनुकं आधी तपासून औषधं ठरवली गेली, तेव्हा त्रासदायक दुष्परिणाम सुमारे ३० टक्क्यांनी घटले. हा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला.

रक्त पातळ ठेवणाऱ्या वॉरफरिननं मात्र हात दाखवला. २०१३च्या अमेरिकेतल्या चाचणीत जनुकांवर बेतलेलं डोसचं सूत्र एकूणात सरस ठरलं नाही. कृष्णवर्णीय रुग्णांत तर ते मागेच पडलं. त्यांच्यात जास्त आढळणारे काही जनुकभेद सूत्रात धरलेच नव्हते.

शिवाय इशाऱ्यांचा भडिमार. दर औषधाला चौकट उघडते, बोट सवयीनं ‘पुढे’ दाबतं. दहा फालतू इशाऱ्यांत अकरावा खरा असतो, तोही तसाच जातो. याला डॉक्टरांचा आळस म्हणणं मला पटत नाही; प्रणाली बांधणाऱ्यांनी तारतम्य दाखवायला हवं होतं.

(पुन्हा तपासणीची खोली)

आजी पिशवीतल्या गोळ्या टेबलावर मांडतात. यादीत पाच, टेबलावर सहा.

“आजी, ही कुणी दिली?”

“कुणी नाही हो. गुडघे धरले की मीच घेते.”

पेनकिलर. मूत्रपिंडांवर ताण आणणारी. डॉक्टर कीबोर्ड जवळ ओढतात.