डबा सगळ्यात शेवटी घ्या

आवाज मागच्या रांगेपर्यंत येतोय ना? बरं. तर हे माझ्या हातात जे आहे ना, हा अख्खा सर्व्हर आहे, म्हणजे घरातल्या सगळ्या टीव्ही-फोनना फाइल पुरवणारं मशीन. पोळ्यांचा डबा याच्यापेक्षा मोठा असतो. आमच्या घरचे सगळे फोटो, लग्नांचे व्हिडिओ, सासऱ्यांनी जमवलेल्या नाट्यसंगीताच्या कॅसेटी ज्या आम्ही दोन उन्हाळे बसून डिजिटल केल्या, डीव्हीड्या, हे सगळं असाच एक डबा सांभाळतो, टीव्हीच्या मागे, चपलांच्या स्टँडवर. आज मला बोलावलंय ते "मिनी पीसी कुठला घ्यावा" हे सांगायला. आणि मी पहिल्यांदा सांगणार आहे की तो प्रश्न आत्ता बाजूला ठेवा, कारण मी तोच प्रश्न आधी विचारला आणि पैसे घालवले.

झालं काय, मी सगळे रिव्ह्यू वाचून, बेंचमार्क बघून एक जुना ऑफिसचा छोटा पीसी घेतला, इंटेलच्या आय5-6500टी प्रोसेसरवाला. सहाव्या पिढीचा, स्वस्तात मिळाला, मी खूश. जेलीफिन टाकलं, म्हणजे घरचे व्हिडिओ टीव्हीवर दाखवणारं सर्व्हरचं सॉफ्टवेअर, जुन्या डीव्हीड्या मस्त चालल्या. मग नणंदेच्या लग्नाचा व्हिडिओ टाकला, भाच्याने आयफोनवर घेतलेला, 4के, एचडीआर (उजेड-अंधाराच्या जास्त छटा) वगैरे. सगळे हॉलमध्ये जमलेले, आणि नवरदेव पावलापावलाला थांबत मांडवात येतोय. पंखा इतका ओरडायला लागला की सासूबाई म्हणाल्या मिक्सर कोणी लावलाय का.

आता हे का झालं ते नीट समजून घ्या, कारण सगळी निवड याच्यावर आहे. फाइल टीव्हीला कळत असेल तर सर्व्हरला काहीही काम नसतं. डिस्कवरून वाचायचं आणि पुढे ढकलायचं, बास. याला डायरेक्ट प्ले म्हणतात, आणि हे काम दहा वर्षं जुनं मशीन झोपेत करतं. पण टीव्हीला त्या फाइलची भाषा येत नसेल तर सर्व्हरला दुभाषी व्हावं लागतं, एकेक फ्रेम उघडायची, बदलायची, परत बांधायची, तेही पिक्चर चालू असताना. हे ट्रान्सकोडिंग. आमचा हॉलमधला टीव्ही 2016 चा फुल एचडी, त्याला ती फाइल झेपणारच नव्हती. मग सगळा भार त्या बिचाऱ्या प्रोसेसरवर.

इंटेलच्या बहुतेक प्रोसेसरमध्ये व्हिडिओसाठी एक वेगळा भाग असतो, क्विक सिंक म्हणतात त्याला. दुभाषाचं काम तो करतो आणि मुख्य प्रोसेसर निवांत राहतो. पण त्याला कुठल्या भाषा येतात हे पिढीवर आहे. सहाव्या पिढीला एचईव्हीसी (आयफोनचे असे व्हिडिओ ज्या प्रकारात येतात तो) येतं पण फक्त 8 बिटचं, आणि एचडीआर म्हणजे 10 बिट. ते सातव्या पिढीपासून आलं. म्हणजे मी अगदी एका पिढीने चुकले. गाडी फलाटावरून सुटताना आपण जिन्यावर असतो ना, तसं. एव्ही1 नावाचा जो नवा प्रकार आहे तो उलगडायला अकराव्या पिढीपासून पुढचं लागतं, पण घरच्या व्हिडिओंसाठी त्याची घाई नाही.

आणि गंमत सांगू? मशीन बदलायची गरजच नव्हती. टीव्हीला एक 4के स्टिक (मागे खोचायचा छोटा प्लेअर) लावली असती तर तिने ती फाइल स्वतःच उलगडली असती आणि तो सहाव्या पिढीचा डबा आजही आरामात चालला असता. म्हणून म्हणते, आधी घरात किती टीव्ही आहेत, कुठले, फोन कुठले, कोण काय बघतं हे कागदावर लिहा. जिथे टीव्ही जुना आहे तिथे स्टिक. सर्व्हर त्याच्यानंतर.

तरी ट्रान्सकोडिंग शून्य होत नाही, हेही सांगते. आमच्याकडे मिनी डीव्ही कॅमेऱ्याच्या टेप होत्या, 2004-05 च्या, त्या कॉम्प्युटरवर उतरवल्या की तासाला साधारण 13 जीबी होतात आणि कुठलाही टीव्ही त्या थेट वाजवत नाही. दुसरं म्हणजे सबटायटल. डीव्हीडी आणि ब्लू-रेची सबटायटल ही अक्षरं नसतातच, चित्रं असतात, आणि बऱ्याच टीव्ही ॲपना ती वेगळी दाखवता येत नाहीत, मग सर्व्हर ती चित्रातच भाजून पाठवतो. म्हणजे फाइल टीव्हीला कळणारी, पण आजीसाठी सबटायटल लावलं की एकदम ट्रान्सकोडिंग सुरू! कितीतरी लोक यात डोकं धरून बसतात. मराठी सबटायटल साध्या टेक्स्ट फाइलमध्ये असेल आणि अक्षरांच्या जागी चौकोन दिसत असतील तर घाबरू नका, देवनागरी फॉन्ट सापडत नाहीये एवढंच. जेलीफिनच्या सेटिंगमध्ये पर्यायी फॉन्टचा फोल्डर द्यायची सोय आहे. आणि हो, प्लेक्स या जेलीफिनसारख्याच दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये हार्डवेअरवरचं, म्हणजे क्विक सिंकवरचं, ट्रान्सकोडिंग पैसे भरल्यावर मिळतं, जेलीफिनमध्ये फुकट आहे. मी जेलीफिनवाली आहे हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

आता डिस्क. इथे मी जरा रेंगाळणार आहे कारण लोक प्रोसेसरवर महिनाभर भांडतात आणि डिस्क दुकानात उभ्या उभ्या घेतात. मिनी पीसीमध्ये जागा नसते. एक एम.2 (पट्टीसारख्या एसएसडीची खाच), आणि नशीब असेल तर एक अडीच इंची. त्या अडीच इंची खाचेत साधारण 7 मिलिमीटर जाडीची डिस्क बसते, आणि हार्ड डिस्कमध्ये त्या जाडीत 2 टीबीच्या वर काही मिळत नाही. 4-5 टीबीच्या अडीच इंची डिस्क 15 मिलिमीटरच्या असतात, त्या आत शिरतच नाहीत. आमच्याकडे एकाने बाहेरची 5 टीबीची पोर्टेबल डिस्क फोडून आतली काढायचा घाट घातला, आत बघतो तर यूएसबीचं पोर्ट थेट डिस्कच्या बोर्डवरच जोडलेलं, साटाचं, म्हणजे पीसीच्या आत डिस्क जोडायचं, कनेक्टरच नाही. वॉरंटी गेली ती गेलीच.

म्हणून मोठा साठा हवा असेल तर साडेतीन इंची डिस्क, स्वतःच्या वेगळ्या अडाप्टरवर चालणारी, यूएसबी 3 ने बाहेरून जोडा. सिनेमे, व्हिडिओ याला यूएसबी पुरतं. पण यूएसबीवर चार डिस्क लावून त्यांचं रेड नाहीतर झेडएफएस (अनेक डिस्क मिळून एक साठा करायच्या पद्धती) करायच्या फंदात मी तरी पडणार नाही, केबल जरा हलली, एन्क्लोजर (डिस्कचा बाहेरचा डबा) क्षणभर झोपलं, की अख्खी रचना रुसून बसते. तेवढं हवं असेल तर मग मिनी पीसी हा तुमचा रस्ताच नाही, चार डिस्कच्या खाचा असलेला नॅस (नेटवर्कला जोडायचा डिस्कचा डबा) घ्या किंवा मोठा कॅबिनेट. आणि रेड म्हणजे बॅकअप नव्हे, हे इथल्या अर्ध्या लोकांना माहितीये आणि तरी उरलेल्या अर्ध्यांसाठी सांगते. चुकून डिलीट केलेलं रेड दोन्ही डिस्कवरून इमानेइतबारे डिलीट करतं. माझी दुसरी कॉपी माहेरी कपाटात असते, दिवाळीला जाताना डिस्क घेऊन जाते आणि भाऊबीजेला आधीची परत आणते. भाऊ म्हणतो तू मला ओवाळायला येतेस की डिस्क बदलायला.

विजेचं गणित तोंडपाठ करा, सोपं आहे. 1 वॅट वर्षभर चालू म्हणजे 8.76 युनिट. आता घरात पडलेला जुना गेमिंग पीसी काहीही न करता 60 वॅट खात असेल तर वर्षाला 525 युनिट, महिन्याला 43. मिनी पीसी 10 वॅटवर बसला तर महिन्याला 7. युनिटमागे सगळं धरून 10 रुपये पकडा, वर्षाला साधारण 4,400 चा फरक. आणि महावितरणचं बिल स्लॅबने येतं, 100 च्या वर, 300 च्या वर दर बदलतो, तर ते 43 युनिट तुम्हाला वरच्या स्लॅबमध्येही ढकलू शकतात. म्हणजे "घरात फुकट पडलाय" तो फुकट नाही. शंभर प्रश्न विचारण्यापेक्षा एक प्लगमध्ये लावायचा वॅट मीटर घ्या, माझा हा डबा शांत असताना 9-10 दाखवतो, बाहेरची साडेतीन इंची डिस्क फिरायला लागली की वर पाच-सहा.

आता या तुमच्या प्रश्नाकडे. माझ्या मते आपल्याकडे दोनच रस्ते आहेत. एक म्हणजे इंटेलच्या एन100 वाले नवे छोटे डबे. 2023 ला आलेला प्रोसेसर, चार कोअर, टीडीपी (साधारण किती वॅटची उष्णता) 6 वॅट, एव्ही1 उलगडतो, 4के चे दोन-तीन ट्रान्सकोड सहज. पण रॅमची एकच चॅनेल (रॅमकडे जायचा रस्ता), अधिकृत मर्यादा 16 जीबी, आणि डिस्क, कार्ड जोडायला पीसीआयच्या लेन (डेटाच्या वाटा) मोजक्या नऊ. फक्त सिनेमे, फोटो, पाय-होल (अख्ख्या घरासाठी जाहिराती अडवणारं सॉफ्टवेअर) एवढंच करायचं असेल तर हा घ्या आणि घरी जा. एकच सांगते, आलेलं विंडोज जसंच्या तसं वापरू नका. काही छोट्या ब्रँडच्या मशीनमध्ये विंडोजसोबत मालवेअर आल्याचं 2024 मध्ये उघड झालं होतं. डिस्क पुसायची, लिनक्स टाकायचं, मग घरच्या वायफायला जोडायचं.

दुसरा रस्ता माझा आवडता, कंपन्यांतून भाडेकरार संपून बाहेर पडलेली ऑफिसची छोटी मशीनं. लेनोव्होची टायनी, डेलची मायक्रो, एचपीची मिनी. आठवी पिढी बघा, आय5-8500टी, सहा कोअर, 2018 चा. दोन रॅमच्या खाचा, एम.2, पंखा बदलता येतो, सुटे भाग मिळतात. लेनोव्हो एम720क्यू आणि एम920क्यू मध्ये तर रायझर (कार्ड आडवं बसवायचा जोडतुकडा) टाकून पीसीआय कार्ड बसतं, म्हणजे उद्या चार पोर्टचं नेटवर्क कार्ड लावून राउटर करायचा असेल तर तेही. प्रोसेसरच्या नावातली अक्षरं वाचायची सवय लावा. टी म्हणजे 35 वॅटवाला, आपल्याला हवा तो. एफ असेल तर आत ग्राफिक्सच नाही, म्हणजे क्विक सिंक नाही, कितीही स्वस्त देऊ दे, नको.

लॅमिंग्टन रोड, पुण्यात तापकीर गल्ली, तिकडे दिल्लीला नेहरू प्लेस, कुठूनही घ्या पण दुकानात उभं राहून चालू करून बघा. मी एकदा पार्सलने मागवला, घरी आल्यावर बायोसला, म्हणजे मशीन चालू होतानाच्या मूळ सेटिंगना, पासवर्ड! जुन्या कंपनीच्या आयटीवाल्याने टाकलेला, तो माणूस आता कुठे असेल देव जाणे. दुकानदार म्हणे "मॅडम, विंडोज तर चालतंय ना". तर बायोस उघडून दाखवा म्हणा. अडाप्टर ओरिजिनल आहे का बघा, डेलचं मशीन अडाप्टर ओळखता आला नाही तर चालतं पण प्रोसेसरला मुद्दाम हळू चालवतं, आणि तुम्ही बसता सॉफ्टवेअरमध्ये चूक शोधत. घरी आणलं की उघडून धूळ काढायची आणि थर्मल पेस्ट नवी लावायची, पाच-सहा वर्षांत ती सुकून खडू झालेली असते. नागपूर, अकोल्याकडच्यांनी तर हे उन्हाळ्याच्या आधी न चुकता करा.

होमलॅब म्हणजे काय विचाराल तर, घरात मोडतोड करायला हक्काचं मशीन. प्रॉक्समॉक्स नावाचं सॉफ्टवेअर टाकायचं, त्यावर एकाच डब्यात चार-पाच वेगळी मशीनं असल्यासारखं वागायचं. यासाठी प्रोसेसरच्या आधी रॅम संपते, हे लक्षात ठेवा. जेलीफिन कमी खातं, पण फोटोंसाठी इमिच (गूगल फोटोजसारखं, पण घरच्या सर्व्हरवरचं) चालवलं आणि चेहरे ओळखायला लावलं की ते एकटंच 6-8 जीबी मागतं. त्यामुळे 16 च्या खाली जाऊ नका, आणि रॅम मशीनसोबतच आलेली बरी, 2025 च्या शेवटी भाव असे चढले की नुसती रॅम घ्यायला गेलेले लोक हात हलवत परत आले. एक बारीक गोष्ट, जेलीफिन पूर्ण व्हर्च्युअल मशीनमध्ये (मशीनच्या आतलं वेगळं मशीन) न टाकता कंटेनरमध्ये (त्याचाच हलका प्रकार) टाका, म्हणजे ग्राफिक्स सगळ्यांना वाटून वापरता येतं, नाहीतर ते एकाच मशीनला बांधलं जातं.

नेटवर्कवर फार बोलत नाही. गिगाबिट, म्हणजे 1000 एमबीपीएस, पुरे, ब्लू-रेची सगळ्यात जड 4के फाइलसुद्धा सव्वाशे एमबीपीएसच्या आसपासच जाते. फक्त एक चेष्टा आहे, बऱ्याच टीव्हींचं लॅन पोर्ट अजून 100 चंच असतं, त्यामुळे वायर लावून अडकतं आणि वायफायवर नीट चालतं. बाहेरगावाहून बघायचं तर आपल्याकडे पुष्कळ कनेक्शनना स्वतःचा पब्लिक आयपी (बाहेरून गाठता येणारा पत्ता) नसतोच, तिथे टेलस्केल (आपल्याच मशीनना जोडणारं खासगी नेटवर्क) लावा, पोर्ट उघडत बसू नका. आणि लाइट! बायोसमध्ये वीज परत आली की आपोआप चालू व्हायची सेटिंग असते, ती पहिल्या दिवशी करा. मी केली नव्हती, आणि गावाला असताना महिनाभर सर्व्हर बंद पडून होता, घरात कोणाला पत्ताही नाही. छोटा यूपीएस घ्याच, मशीनसाठी नाही म्हटलं तरी डिस्कसाठी.

काय म्हणालात? हो, मागच्या काकांनी विचारलंय, घरी पडलेला जुना लॅपटॉप चालेल का. काका, तुम्ही माझं व्याख्यान पाडलंत. सातव्या पिढीचा किंवा त्यापुढचा इंटेल असेल तर धावेल, आणि त्याची बॅटरी म्हणजे आतलाच यूपीएस. झाकण बंद केल्यावर झोपू नये एवढी सेटिंग करा. बॅटरी मात्र कायम चार्जरवर राहिली की फुगते, तेव्हा चार्ज 80 टक्क्यांवर थांबवायची सोय असेल तर ती लावा, आणि टचपॅड वर उचललेला दिसला तर त्या दिवशी बंद करून बॅटरी काढून टाका. स्क्रीन फुटकी असली तरी चालेल. स्क्रीन लागते कुणाला?