आधी दौत, मग टाक

(कोल्हापुरात सुलेखनाच्या हौशी मंडळींसमोर झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

नमस्कार मंडळी. मागं उभं राहावं लागलेल्यांची माफी मागतो. पुढं बसलेल्यांचीही मागतो, कारण माझ्या हातात उघडी दौत आहे आणि मी हातवारे करून बोलतो. (हशा)

सरांनी ओळख करून देताना मला 'सुलेखनकार' म्हटलं. तेवढं मागं घ्या. मी उद्यमनगरात एकतीस वर्षं टूलरूममध्ये काढलेला माणूस, डाय, म्हणजे साचे, बनवणारा. अक्षरांचा नाद पन्नाशीनंतर लागला. बायको म्हणाली, "दारू नाही, पत्ते नाहीत, म्हटलं सुटले, तर आता हे!" आमच्या तालमीतली पोरं मला बोरूबहाद्दर म्हणतात. बोरू मी आयुष्यात दोनदा हातात धरलाय, पण असू दे.

निमंत्रणावर विषय छापलाय, 'टोकदार निबच्या लेखनासाठी शाई आणि निब यांची निवड'. त्यावर बोलणारच आहे. पण एक गोष्ट बरीच वर्षं पोटात आहे, ती आधी सांगतो. आपण 'दौत-टाक' म्हणतो. 'टाक-दौत' कुणी म्हणतं का? नाही. दौत आधी. दुकानात गेलो की मात्र आपण सगळे उलटे वागतो. आधी निब बघायची, दहा प्रकारच्या घ्यायच्या, आणि शाई कुठली तर घरात पोराच्या फाउंटन पेनची जी बाटली असेल ती. मग रेघ बिघडली की निबला शिव्या. माझं म्हणणं एवढंच की बिचाऱ्या निबचा गुन्हा क्वचितच असतो.

ही निब बघा. हातोहात मागं पाठवा, टोकाला बोट मात्र लावू नका. बोटाला टोचेल ते परवडलं, बोटाचा तेलकटपणा निबला लागेल ते नको. तुमच्या दृष्टीनं हे लेखनाचं साधन असेल, माझ्या दृष्टीनं ही स्प्रिंग आहे. ट्रकच्या खाली पाटा असतो, तोच, फक्त पोस्टकार्डाएवढ्या जाडीचा. भार आला की वाकायचं, भार गेला की मूळ जागी यायचं. खाली ओढताना दाब दिला की दोन पाती फाकतात आणि रेघ जाड होते. दाब काढला की पाती मिटतात आणि केसासारखी रेघ येते. सगळी कला या फाकण्या-मिटण्यात आहे.

इंग्लंडातल्या बर्मिंगहॅमला निबा बनवायचा धंदा एकोणिसाव्या शतकात भरभराटीला आला. जोसेफ गिलॉटनं १८३१ साली पेटंट घेतलं आणि त्याच्या नावाच्या निबा अजून मिळतात. पोलादी पत्र्यातून कोरा तुकडा पाडायचा, भोक पाडायचं, तापवून मऊ करायचा, गोलाई द्यायची. मग लालबुंद तापवून तेलात बुडवायचा, म्हणजे आपले लोहार म्हणतात तसं पाणी द्यायचं. मग पुन्हा बेताबेतानं तापवून ठिसूळपणा घालवायचा, टोकाजवळ घासायचं आणि शेवटी चीर पाडायची. यातलं बरंचसं काम बायका हातप्रेसवर करायच्या. म्हणजे बघा, आपल्या उद्यमनगरचाच मामला.

ते मधलं भोक कशाला असतं? शाई धरायला, असं सगळे सांगतात. खरं आहे, पण अर्धंच. आमच्याकडं कास्टिंगला तडा गेला की तड्याच्या टोकाशी ड्रिल मारतात, तडा पुढं पळू नये म्हणून. निबची चीर म्हणजे मुद्दाम पाडलेला तडा. ती भोकापाशी थांबते. शाळा न शिकलेल्या फिटरला हे कळतं.

आता तक्रार. नव्या निबवर गंज चढू नये म्हणून तेलाचा किंवा लाखेसारखा पातळ थर दिलेला असतो. त्यावर शाई बसत नाही; अळूच्या पानावर पाणी टाकल्यासारखे थेंब होतात. तो थर काढायलाच हवा, त्याबद्दल वाद नाही. वाद कसा काढायचा याचा आहे. मी एका कार्यशाळेला गेलो होतो. कुणाची, कुठं, ते सांगत नाही. शिकवणारे चांगले होते, अक्षर तर दृष्ट लागावी असं. त्यांनी चाळीस जणांना निबा वाटल्या आणि पाठोपाठ लायटर वाटले. म्हणाले, "ज्योतीत धरा, थर जळून जाईल." एका क्षणात हॉलमध्ये चाळीस ज्योती. वाटलं, आता कुणीतरी आरती सुरू करतंय. (हशा) माझ्या शेजारच्या मुलीनं निब निळी होईपर्यंत धरली, मग राखाडी होईपर्यंत. मी म्हटलं, "अगं बाई, काढ बाहेर!" ती म्हणाली, "काका, सर सांगतील तसं करायचं."

पोलाद घासून स्वच्छ करा आणि हळूहळू तापवा. आधी गवती पिवळा रंग येतो, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. निळा म्हणजे साधारण तीनशे अंश, आणि स्प्रिंगला लागणारा ताव तिथंच. त्याच्या पुढं गेलात की स्प्रिंग संपली, नुसती तार उरली. इतक्या पातळ पत्र्याला लायटरच्या ज्योतीत त्यासाठी किती वेळ लागणार? काही सेकंद. त्या दिवशी अर्ध्या तासात निम्म्या निबांची पाती फाकली ती फाकलीच. आणि सगळ्यांनी एकमुखानं काय म्हणावं? "निब खराब निघाली." मी चहाच्या वेळी उठून चार शब्द बोललो. तेव्हापासून तिथलं बोलावणं बंद.

घरी साधा भांड्याचा साबण आणि जुना टूथब्रश घ्या. किंवा टूथपेस्ट चोळा. किंवा कच्च्या बटाट्यात निब दोन-चार मिनिटं खुपसून ठेवा आणि पुसून घ्या. माझी बायको हल्ली भाजीला बटाटा घेते तेव्हा आधी फिरवून भोकं बघते.

तर, दौत आधी का, हे मला कुठं कळलं ते सांगतो. नवीन नवीन होतो. एका संस्थेची सव्वाशे प्रमाणपत्रं आली, नावं घालायची होती. महिना जुलै. कोल्हापूरचा जुलै तुम्हाला सांगायला नको. कपाटातली चप्पलसुद्धा हिरवी होते. मी हौसेनं परदेशी निबा मागवलेल्या. शाई फाउंटन पेनची, निळी-काळी. कार्ड संस्थेनंच दिलेलं, हाताला पापड सादळल्यासारखं लागत होतं. पहिलंच नाव लिहिलं आणि दाबाच्या रेघेला दोन्ही बाजूंनी मिशा फुटल्या. निब बदलली. पुन्हा मिशा. तिसरी निब, चौथी निब. सातवं कार्ड फुकट गेलं तेव्हा रात्रीचा एक वाजला होता, आणि मी त्या निबवाल्या कंपनीला मनातल्या मनात पत्र लिहीत होतो.

बायको पाणी प्यायला उठली. तिनं कार्ड उजेडात धरलं, बोट फिरवलं आणि म्हणाली, "याला खळ कमी आहे. आणि तुमची शाई म्हणजे पाणी. घट्ट करा की तिला." झालं. एकतीस वर्षं मेट्रिकमध्ये मोजणाऱ्याला हे सुचलं नव्हतं. कागदालाही खळ असते, ती कमी असली किंवा कागद सादळला की शाई धाग्याधाग्यांतून पळते. फाउंटन पेनची शाई मुळातच पातळ, कारण तिला बारीक नळीतून वाहायचं असतं. उघड्या निबवर ती थांबतच नाही, पहिल्याच दाबाला भसकन उतरते. उपाय म्हणजे डिंक.

रात्री दीडला डिंक कुठला? लाडवांचा होता. तो भिजवून घातला तर गोळे तसेच राहिले. लाडवाला आमच्याकडं धावड्याचा डिंक, तो पूर्ण विरघळत नाही. शाईला बाभळीच्या जातीचा लागतो. दुसऱ्या दिवशी तो आणला, भिजवला, फडक्यातून गाळला आणि थेंबथेंब शाईत घातला. कार्डांवर उलट्या बाजूनं कोमट इस्त्री फिरवली. त्याच निबेनं, पहिल्या रात्री शिव्या खाल्लेल्या निबेनं, रेघ अशी आली की मी बायकोला हाक मारून दाखवली. ती म्हणाली, "आता दिसतंय जरा."

अरे, चिठ्ठी आली. दहा मिनिटं? बरं. म्हणजे छापलेला विषय आता उरकावा लागणार.

मधेच एक, कारण कुणीतरी विचारणारच: देवनागरी चालते का या निबेनं? चालते, पण निबचा स्वभाव ओळखून. पाती फाकतात ती आपल्याकडं ओढताना. आडवी रेघ मारताना फाकत नाहीत, आणि वर ढकलताना दाब दिलात तर टोक कागदात रुततं. त्यामुळं शिरोरेषा बारीकच राहणार आणि काना, दांडा जाड होणार. बोरूचं उलट आहे. त्याची जाडी दाबातून येत नाही, तासलेल्या काठाच्या कोनातून येते. जुनी मोडी कागदपत्रं बघा, अक्षर बोरूच्या काठावर नाचतंय. बोरूसारखी जाड शिरोरेषा टोकदार निबेनं काढायला जाऊ नका, निबही रडेल आणि तुम्हीही.

आता शाया. भरभर सांगतो. पहिली, लोखंडाची. माजूफळातलं किंवा हिरड्यातलं तुरट द्रव्य आणि हिराकस, म्हणजे लोखंडाचा क्षार. घाबरू नका, ही तुमच्या घरात झालेली आहे. केसांसाठी लोखंडी कढईत आवळा भिजवला की काळाकुट्ट होतो, तोच प्रकार. लिहिताना फिकी दिसते, हवा लागली की डोळ्यांदेखत काळी होते, आणि एकदा मुरली की पाण्याला दाद देत नाही. सगळ्यांत बारीक रेघ हिचीच. राधानगरी-शाहूवाडीकडचा हिरडा उकळून मी करतो, वर डिंक आणि बुरशी येऊ नये म्हणून एक लवंग. दोष असा की ती आंबट आहे, पोलाद खाते; निब लवकर जाते. आणि पेनात कधीही भरू नका.

दुसरी काजळीची. आपले जुने लोक काजळात लाख आणि टाकणखार घालून पोथ्यांची शाई करायचे. बाजारातली इंडिया इंक याच घराण्यातली, आणि जपानी सुमी म्हणजे काजळी नि सरस, म्हणजे कातडी-हाडांचा गोंद. काळेपणात हिचा हात कुणी धरणार नाही. पण निबवर वाळून खपली धरते, म्हणून दर दोन-तीन ओळींनी निब पाण्यात बुडवून पुसायची. सुमी घट्ट वाटली तर थोडं पाणी घाला. सरसामुळं पावसाळ्यात वास मारते, झाकण घट्ट लावा.

तिसरी रंगाची, म्हणजे गुआश (दाट, अपारदर्शक जलरंग), पाणी आणि डिंकाचे थेंब. दाटपणा किती? पांढऱ्या रश्श्याएवढा. तांबड्याएवढा नको, वर तवंग येईल. (हशा) गडद कागदावर पांढरी अक्षरं हवी असतील तर हाच मार्ग.

म्हणजे क्रम असा: काम आणि कागद बघायचा, ऋतू बघायचा, त्यावरून शाई ठरवायची, आणि त्या शाईला झेपेल ती निब घ्यायची. नवशिक्यानं जपानी 'G' निब घ्यावी, निक्को किंवा झेब्रा कंपनीची. तिकडं कॉमिक्स काढणारे तीच वापरतात. ताठ आहे, जड हात सहन करते, काजळीच्या शाईशी जमवून घेते. ब्राउझची ३६१, जिला ब्लू पंपकिन म्हणतात, ती मोठी असते, एका बुडवणीत बरंच लिहून होतं. हात हलका झाला की गिलॉट ३०३ किंवा लिओनार्ट प्रिन्सिपल. केस चिरावा अशी रेघ येते, पण त्यांना खरबरीत कागद आणि दाट शाई दिलीत तर टोक तंतूत अडकून शिंतोडे उडतात. अशा निबांना लोखंडाची शाई द्यायची आणि गुळगुळीत कागद. लवकर झिजतील, झिजू द्या. दोन प्लेट मिसळीच्या पैशात येणारी वस्तू जन्मभर पुरवायची नसते. वर जाणारी बारीक रेघ खरवडायला लागली की निब संपली, वाद घालू नका.

टाकाबद्दल एकच. कॉपरप्लेटचा, म्हणजे टोकदार निबेनं लिहायच्या तिरप्या इंग्रजी अक्षराचा, कल पंचावन्न अंशांचा. उजव्या हाताला तो साधावा म्हणून बाजूला पितळी पट्टी असलेला तिरका टाक येतो, तो घ्या. किंवा पट्टी इथंच करून घ्या. ज्या गावात बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा घरी बनवला, तिथं दीड इंचाची पितळी पट्टी बाहेरून मागवायची मला लाज वाटते. नमुने टेबलावर आहेत.

वेळ संपली, सर उभे राहिलेत. टेबलावरच्या तिन्ही दौतींत बुडवून बघा, शाई भोकाच्या जरा वर येईल एवढीच घ्या. जाताना निबा धुऊन फडक्यानं कोरड्या करून ठेवा, ओल्या ठेवल्यात तर उद्या सकाळी मला गंज सापडेल. आणि ती हिरड्याची बाटली कडेला आहे, ताई, तुमच्या पदराजवळ. जरा आत सरकवा.