खरा किल्ला कुठला?

नमस्कार श्रोतेहो.

किल्ला म्हटलं की आपल्या पोटऱ्या आधी दुखायला लागतात. पहाटेची एसटी, पायथ्याचं गाव, मग दोन-तीन तासांची चढण. जपानात मात्र पुष्कळ किल्ले सपाटीवर, ऐन शहरात आहेत आणि मागाहून आलेली रेल्वे त्यांच्या शेजारूनच गेली आहे. फुकुयामाला तर बुलेट ट्रेनच्या फलाटावर उभं राहिलं की किल्ला समोर. त्यामुळे लेकरू बरोबर घेऊनही एका दिवसात दोन-तीन किल्ले होतात. ओसाकाहून मी आणि माझी दहा वर्षांची लेक असेच हिंडून आलो, त्याविषयी आज बोलतो.

सकाळी पहिला ओसाकाचा किल्ला. उंच जोत्यावर पांढरा-हिरवा मनोरा, त्यावर सोनेरी नक्षी. या मुख्य मनोऱ्याला तिकडे तेन्शु म्हणतात. लेक खूश. आत शिरलो तर लिफ्ट! तिचा चेहरा पडला. "बाबा, हा खोटा आहे का?"

उत्तर सोपं नव्हतं. हिदेयोशी या बलाढ्य सरदाराने 1583 साली इथे किल्ला बांधायला घेतला. 1615 मध्ये त्याच्या वारसाला हरवून तोकुगावा या प्रतिस्पर्धी घराण्याने तो पाडला आणि स्वतःचा नवा बांधला. त्याचा तेन्शु 1665 साली वीज पडून जळाला. आपल्याकडे पुरंदरचा तह झाला, तेच हे वर्ष. त्यानंतर अडीचशेहून अधिक वर्षं तिथे नुसतं जोतं होतं. आजचा मनोरा 1931 चा, लोकवर्गणीतून उभारलेला, सिमेंट काँक्रीटचा. पण खालचे प्रचंड दगडी तट तोकुगावांच्या काळचेच आहेत. आणि त्या काँक्रीटलाही आता नव्वद वर्षं उलटून गेली. एवढं सगळं ऐकून बाईसाहेब म्हणाल्या, "म्हणजे खालून खरा, वरून खोटा." मी वाद घातला नाही.

तिथून ओसाका स्टेशन आणि शिनकाइसोकु, म्हणजे आपली फास्ट लोकलच म्हणा. हिमेजीपर्यंत सुमारे 88 किलोमीटर, साधारण तासाभरात. जलद गाडीचा जादा आकार नाही, मुलांना अर्धं तिकीट. बुलेट ट्रेन याच्या निम्म्या वेळात नेते, पण मुलं बरोबर असतील तर तिच्या वाटेला जाऊ नका. ती कोबेपाशी डोंगराच्या पोटातून, बोगद्या-बोगद्यांतून जाते. साधी गाडी मात्र सुमा सोडलं की अगदी समुद्राच्या कडेने धावते. डावीकडची खिडकी पकडा. थोड्याच वेळात आकाशीचा झुलता पूल येतो. 1998 साली खुला झालेला, लांबी 3,911 मीटर. लेकीने तो पाहिला आणि डब्यातली दशमी हातातच राहिली.

आकाशीला उतरलो. फलाटावरूनच तट दिसतो आणि तटाच्या दोन टोकांना दोन पांढरे बुरूज. मधे? मधे काही नाही. हा किल्ला 1619 च्या सुमारास बांधायला घेतला, तेन्शुसाठी जोतंही रचलं, पण त्यावर मनोरा कधी चढलाच नाही. सहसा प्रवासी इथे उतरत नाहीत. मला विचाराल तर अर्धा तास काढावाच. मोकळं मैदान आहे, मुलांना पळायला जागा आहे आणि रिकाम्या जोत्यावर उभं राहून पोर स्वतःच्या मनाने मनोरा बांधतं. दिवाळीत मातीचा किल्ला करणाऱ्या पोरांना ते शिकवावं लागत नाही.

आता हिमेजी. स्टेशनातून बाहेर पडलं की समोर सरळसोट रस्ता आणि त्याच्या शेवटी पांढराशुभ्र किल्ला. पांढऱ्या बगळ्याचा किल्ला हे त्याचं दुसरं नाव. इकेदा तेरुमासा या सरदाराने 1601 ते 1609 या काळात त्याला आजचं रूप दिलं. जपानभरात जुने लाकडी तेन्शु आता फक्त बारा उरलेत, त्यांतला हा सर्वांत मोठा. आपल्या मराठा किल्ल्यांना 2025 मध्ये जागतिक वारशाचा मान मिळाला, तेही बाराच. हिमेजीला तो 1993 मध्येच मिळाला होता.

पहिल्या दरवाज्यातून आत गेलात की मनोरा अगदी समोर, आता पोचलोच असं वाटतं. आणि वाट एकदम मागे वळते. मनोऱ्याकडे पाठ करून चालायचं, पुन्हा वळायचं, दरवाजे मात्र अरुंद होत जातात. गोमुखी दरवाजा माहीत असलेल्या मुलाला ही युक्ती लगेच उमगते. भिंतींत जंग्या आहेत: बाणांसाठी उभ्या लांबट, बंदुकांसाठी गोल, त्रिकोणी, चौकोनी. त्या बरोबर मुलांच्या उंचीला येतात. माझी लेक प्रत्येक जंगीतून डोकावून येणाऱ्या-जाणाऱ्यांवर नेम धरत होती, आणि मी पुढे चला, पुढे चला करत होतो. एके ठिकाणी तटात बसवलेला जात्याचा दगड जाळीआड जपलाय. बांधकामाला दगड कमी पडले तेव्हा एका म्हातारीने आपलं जातं दिलं, अशी तिथली आख्यायिका.

तेन्शुत शिरताना बूट काढून पिशवीत घालून हातात घ्यायचे. आतले जिने शिडीसारखे उभे आणि लाकूड गुळगुळीत, मोज्यांवरून पाय सटकतो. मुलाला पुढे ठेवा, आपण मागे. बाहेरून मजले पाच दिसतात, आत तळघर धरून सात भरतात. लेकीने मोजून खात्री केली. पण आत सिंहासन नाही, पलंग नाही, भिंतीवर बंदुका अडकवायच्या खुंट्या तेवढ्या. सरदार इथे राहतच नसे, राहायचा वाडा वेगळा.

बघायचे ते दोन खांब. तळघरापासून वरपर्यंत गेलेले, जवळजवळ 25 मीटर उंच. पूर्वेकडचा जुना. पश्चिमेकडचा कुजला होता. 1956 ते 1964 या दुरुस्तीत अख्खा मनोरा उतरवून पुन्हा जोडला, तेव्हा तो बदलला. एवढं उंच झाड मिळेना, म्हणून दोन झाडं तिसऱ्या मजल्यावर सांधली. लेकीने त्या खांबावर हात ठेवला. "म्हणजे हासुद्धा थोडा खोटाच?"

मी तिला सांगितलं, 1945 च्या जुलैत या शहरावर बॉम्ब पडले, भोवतालचं गाव जळालं. एक आगबॉम्ब याच तेन्शुच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर पडला, पण फुटला नाही. फुटला असता तर आज इथेही लिफ्ट असती. त्यावर ती बराच वेळ काही बोलली नाही, मग वरच्या मजल्यावरचं छोटं देऊळ बघायला पळाली.

जाणार असाल तर दुपारी उशीर करू नका, चारनंतर आत सोडत नाहीत. हिमेजीच्या फलाटावर उभ्याने खायच्या शेवयांची टपरी आहे, तिच्या रश्शात मासळी असते. शाकाहारी मंडळींनी डबा न्यावा.

आमचा पुढचा बेत हिकोने. हीच गाडी क्योतोच्या पुढे थेट तिथवर जाते. तिथला तेन्शु दुसऱ्याच एका किल्ल्यावरून, ओत्सुहून, उचलून आणलेला आहे, असं म्हणतात. हे मी लेकीला अजून सांगितलेलं नाही.

नमस्कार.