गावात सगळ्यांना सगळं माहीत असतं, मग खून पचतो कसा?

(कॅमेरा दुकानाच्या काउंटरवर. मागे औषधांची कपाटं. बोलणारा स्टुलावर बसलेला, हातात पुस्तक.)

आज घरातून नाही, दुकानातून बोलतोय. मागे फ्रिजचा आवाज येईल, तेवढा सांभाळून घ्या.

हे आमचं मेडिकल. तालुक्याचं गाव, समोर एसटी स्टँड. शाळेत होतो तेव्हा दप्तर टाकलं की मी इथेच, याच स्टुलावर बसायचो. एक गोष्ट तेव्हाही दिसायची. काही गिऱ्हाइकं दुकानात गर्दी असली की आत येत नसत. पलीकडे पानपट्टीपाशी उगाच उभी राहायची, गर्दी पांगली की यायची, चिठ्ठी पुढे सरकवायची आणि हळूच म्हणायची, "जरा कागदात गुंडाळून द्या." पप्पा एक शब्द न बोलता पुडी बांधून द्यायचे. रात्री जेवताना आई विचारायची, "ते अमके आज काय न्यायला आले होते हो?" पप्पांचं उत्तर ठरलेलं. "औषध."

बस. पुढे काही नाही. कुणाला फिट येतात, कुणाच्या सुनेला झोप लागत नाही, कुणाचा मुलगा काय घेतो, सगळं त्या माणसाला ठाऊक. आणि तोंडातून शब्द नाही.

आता हे पुस्तक. (पुस्तक कॅमेऱ्यासमोर धरतो.) अगाथा ख्रिस्ती, 'द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड', 1926. हर्क्यूल पॉयरो या गुप्तहेराची कादंबरी. ब्रिटनमधल्या गुन्हेगारी कथालेखकांच्या संघटनेने 2013 साली मतदान घेतलं, त्यात आजवरची सर्वोत्तम गुन्हेगारी कादंबरी म्हणून हिला निवडलं. शेवट मी सांगणार नाही, काळजी नको. मधला एक खुलासा मात्र सांगणार आहे, कारण तो सांगितल्याशिवाय माझा मुद्दाच पोहोचत नाही. तेवढंही ऐकायचं नसेल तर आधी पुस्तक वाचा, मग या. मी इथेच आहे, दुकान रात्री दहापर्यंत उघडं असतं.

गोष्ट घडते किंग्ज अ‍ॅबट नावाच्या गावात. काल्पनिक गाव. एक रेल्वे स्टेशन, एक पोस्ट, बडी म्हणावीत अशी दोन घरं, आणि बाकी काय तर गप्पा. सुरुवातीलाच मिसेस फेरर्स नावाची श्रीमंत विधवा मरते. व्हेरोनलचा जास्त डोस. व्हेरोनल म्हणजे त्या काळातलं झोपेचं औषध. गावातले डॉक्टर शेपर्ड तपासून घरी येतात, ही सगळी गोष्ट तेच आपल्याला सांगतायत. अजून नीट बसलेलेही नाहीत, तोवर त्यांची बहीण कॅरोलाइन त्यांनाच सांगायला लागते की मिसेस फेरर्स गेली! तिला कुणी सांगितलं? घरातल्या मोलकरणीने. मोलकरणीला दूधवाल्या पोराने. दूधवाल्या पोराला फेरर्सांच्या स्वयंपाकिणीने. डॉक्टर प्रेत बघून यायच्या आत बातमी तीन उंबरे ओलांडून त्यांच्या घरात येऊन बसलीय.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक बाजूला ठेवून हसत होतो. आमच्या आळीत अशा निदान चार कॅरोलाइन आहेत. त्यातली एक नात्याने माझी सख्खी आत्या आहे, आणि ती हा चॅनल बघते. आत्या, रागावू नको.

तर गाव असं. कुणाचं काही लपत नाही. आणि याच गावात, याच बाईला, मिसेस फेरर्सला, कुणीतरी एक वर्षभर पिळून काढत होतं. तिने आपल्या नवऱ्याला विष घातलं होतं. नवरा दारुडा आणि क्रूर. त्याच्या मृत्यूचं कारण लिहिलं गेलं जठराचा दाह. आर्सेनिकची लक्षणंही तशीच दिसतात. एका माणसाला हे कळलं आणि त्याने तिच्याकडून पैसे काढले. थोडेथोडके नाहीत, वीस हजार पौंडांचा हिशेब लागत नाही. आणि दूधवाल्यापासून गावातल्या कर्नलपर्यंत कुणालाही पत्ता नाही!

इथे जरा थांबायला पाहिजे. ती बाई पोलिसात का गेली नाही? तेव्हाच्या इंग्लंडातही धमकावून पैसे उकळणं हा मोठा गुन्हा होता, 1916 च्या कायद्याने त्याला जन्मठेपेपर्यंत शिक्षा होती. पण तक्रार द्यायची म्हणजे काय सांगायचं? "साहेब, हा मला छळतो, कारण मी नवऱ्याला मारलंय"? खुनाला तेव्हा फाशीच. कादंबरी येण्याच्या तीन वर्षं आधी, 1923 च्या जानेवारीत, लंडनमध्ये एडिथ थॉम्पसन या बाईला फाशी दिली होती. नवऱ्यावर सुरी चालवली होती तिच्या प्रियकराने. हिने त्याला लिहिलेली पत्रं कोर्टात वाचून दाखवली गेली, आणि ती पत्रंच तिला भोवली. 1926 च्या वाचकाच्या डोक्यात हे ताजं होतं.

बरं, नवरा मारतो, पितो, तर सोडून का दिलं नाही? कारण घटस्फोट मिळत नव्हता. 1923 मध्ये तिकडे कायदा बदलला आणि नुसत्या व्यभिचाराच्या कारणावरून बायकोलाही घटस्फोट मागता यायला लागला. पण छळ हे कारण कायद्यात आलं 1937 साली. म्हणजे नवरा बाहेरख्याली असता तर मिसेस फेरर्स सुटली असती. नुसता राक्षस होता, म्हणून अडकली. ख्रिस्ती यावर एक ओळही भाषण देत नाही. तिला गरज वाटली नाही, तिच्या वाचकांना ते माहीतच होतं. आपल्याला शंभर वर्षांनी सांगावं लागतं.

तर मिसेस फेरर्स जीव देते, पण जाण्याआधी एक पत्र लिहिते. निळ्या कागदावर. ज्याच्याशी ती लग्न करणार होती त्या रॉजर अ‍ॅक्रॉइडला. त्यात त्या छळणाऱ्याचं नाव आहे. आणि ते पत्र हातात पडतं त्याच रात्री अ‍ॅक्रॉइड आपल्या अभ्यासिकेत, खुर्चीत, पाठीमागून सुरा खुपसलेला सापडतो. पत्र गायब.

आता तो मधला खुलासा. त्या रात्री डॉक्टर शेपर्ड अ‍ॅक्रॉइडच्या घरून निघतात नऊला दहा कमी असताना. साडेनऊला अभ्यासिकेतून बोलण्याचा आवाज ऐकू आलेला आहे. पावणेदहाला अ‍ॅक्रॉइडची पुतणी फ्लोरा अभ्यासिकेच्या दारातून बाहेर पडताना बटलरला दिसते. ती त्याला म्हणते, काकांना गुड नाइट करून आले, त्यांना आता त्रास देऊ नका. सव्वादहाला डॉक्टरांच्या घरी फोन वाजतो, अ‍ॅक्रॉइडचा खून झालाय म्हणून. पोलिसांचा हिशेब सोपा: पावणेदहाला माणूस जिवंत होता, म्हणजे खून त्यानंतरचा. पावणेदहानंतर कोण कुठे होतं त्याच्या याद्या होतात, नकाशे होतात.

सगळं फुकट. कारण फ्लोरा अभ्यासिकेत गेलीच नव्हती.

अभ्यासिकेच्या बाजूने एक छोटा जिना वर जातो, थेट काकांच्या झोपण्याच्या खोलीत. फ्लोरा त्या जिन्यावरून खाली येत होती. काकांच्या खणातून चाळीस पौंड काढून. अनाथ नाही, पण आश्रित. काकाच्या घरात राहायचं, कपड्यांची बिलं थकलेली, आणि काका बिलं आणे-पैसुद्धा तपासणारा. बटलरच्या ट्रेमधल्या ग्लासांची किणकिण ऐकू आली तशी ती पटकन दोन पावलं पुढे आली आणि अभ्यासिकेच्या दाराच्या मुठीवर हात ठेवला. म्हणजे वाटावं, आत्ताच बाहेर येतेय.

(हात दाराच्या मुठीवर ठेवल्यासारखा करतो.)

एवढंच. मुठीवर ठेवलेला हात. तिला खुनाचं काही माहीत नाही. ती फक्त चोरी लपवतेय. पण तेवढ्या एका हालचालीने मेलेला असू शकणारा माणूस कागदोपत्री जिवंत झाला, आणि खुन्याला सोन्यासारखी वेळ मिळाली, तीही न मागता.

त्या घरात असं प्रत्येकाचं काहीतरी आहे. फ्लोराच्या आईच्या डोक्यावर सावकाराचं कर्ज. सेक्रेटरीवर कर्ज. घर सांभाळणाऱ्या मिस रसेलला एक मुलगा आहे, ज्याचं नाव ती घेऊ शकत नाही. बटलरने आधीच्या मालकाला लुबाडलेलं आहे. एक मोलकरीण लग्न झालेली आहे, पण कुणाशी ते सांगत नाही. पॉयरो सगळ्यांना टेबलाभोवती बसवतो आणि तोंडावर सांगतो की तुम्ही प्रत्येक जण माझ्यापासून काही ना काही लपवताय. मला हा पुस्तकातला सगळ्यात भारी प्रसंग वाटतो, शेवटापेक्षाही. खुनी एक आहे. पण त्याच्यासाठी खोटं बोलणारे सात-आठ आहेत, आणि त्यातल्या एकालाही माहीत नाही की आपण कुणासाठी खोटं बोलतोय. गावात खून असा पचतो. प्रत्येक जण आपलं अंगण झाकत बसतो.

आणि गप्पा? गप्पांचं काय? त्यासाठी एक अख्खं प्रकरण आहे, माजाँगचं. हा चिनी खेळ, ठोकळ्यांचा, 1920 च्या दशकात तिकडे त्याचं वेड लागलं होतं. डॉक्टरांच्या घरी चौघं खेळायला बसतात. आपल्याकडची भिशी डोळ्यांपुढे आणा. एक चाल, एक बातमी, मध्ये मध्ये खेळातल्या हाका. "पंग." कोण कुणाबरोबर गाडीत दिसलं? "चाव." कुणाच्या घरात काय भानगडी? कर्नलसाहेब मध्येच शांघायच्या क्लबातल्या आठवणी काढतात, त्या कुणालाही ऐकायच्या नसतात. आणि मग डॉक्टरांना असा हात लागतो जो आयुष्यात एकदा लागावा, वाटल्या वाटल्या पूर्ण! त्या खुशीत तोंडावरचा ताबा सुटतो आणि ते सांगून टाकतात की पॉयरोला तळ्यात एक लग्नाची अंगठी सापडलीय. मिनिटभरात टेबलावर तीन सिद्धांत तयार. तिन्ही चुकीचे.

हेच गाव पॉयरोला काय समजत होतं माहितीये? निवृत्त न्हावी. त्या मिशांवरून. जगातला सगळ्यात हुशार गुप्तहेर शेजारी येऊन राहिलाय, बागेत भोपळे लावतोय, आणि गावाने त्याच्या हातात वस्तरा दिला.

बाबूराव अर्नाळकरांच्या धनंजय-छोटूवर वाढलेल्या पिढीने मला नेहमी विचारलंय, "यात मारामारी कुठेय?" नाहीये. यात सगळं खुर्च्या, दारं आणि चहाच्या वेळा. आवडेल असं नाही, मी आधीच सांगून ठेवतो.

आता बाईंबद्दल थोडं. पहिल्या महायुद्धात अगाथा ख्रिस्ती इंग्लंडातल्या टॉर्की गावच्या हॉस्पिटलात आधी नर्स होत्या, मग औषध विभागात गेल्या आणि 1917 मध्ये औषधं बनवण्याची परीक्षा पास झाल्या. म्हणजे आमच्याच लाइनच्या! परीक्षेसाठी गावातल्या एका औषधवाल्याकडे शिकायला जायच्या. आत्मचरित्रात त्यांनी लिहिलंय, त्या माणसाने एकदा खिशातून एक काळपट खडा काढून दाखवला. क्युरारे. बाण विषारी करायला वापरतात ते. तोंडातून गेलं तर काही होत नाही, रक्तात गेलं तर माणूस लुळा होऊन मरतो. हे खिशात का बाळगता? तर म्हणाला, त्याने मला ताकदवान वाटतं.

गावात गुपित लपवलेलं नसतं. कुणाकडे तरी ठेवलेलं असतं. डॉक्टरकडे, वकिलाकडे, सोनाराकडे, पोस्टमनकडे, मेडिकलवाल्याकडे. ही माणसं ते बँकेसारखं सांभाळतात. पण त्यातल्या एखाद्याला कधी त्या खड्यासारखं वाटायला लागलं तर? खिशात आहे, कुणाला माहीत नाही, आणि मला ताकदवान वाटतंय.

कादंबरी आली त्याच वर्षी, 1926 च्या डिसेंबरात, ख्रिस्ती स्वतः घरातून गायब झाल्या, तो किस्सा तुम्ही ऐकला असेल. अकरा दिवस. गाडी एकीकडे सापडली, बाई दुसरीकडे, हॅरोगेटच्या हॉटेलात, नवऱ्याच्या मैत्रिणीचं आडनाव लावून. ओळखलं हॉटेलच्या बँडमधल्या वादकांनी. अख्खा देश तेव्हा कॅरोलाइन झाला होता. आत्मचरित्रात या अकरा दिवसांवर एक शब्द नाही. औषध नेलं, बस.

आणि एक गंमत. या कादंबरीच्या शेवटामागची कल्पना त्यांना दोघांनी सुचवली होती असं त्यांनीच सांगितलंय. एक त्यांच्या बहिणीचे यजमान. दुसरे लॉर्ड माउंटबॅटन. हो, तेच, आपले शेवटचे व्हाइसरॉय. शेवट वाचून काही वाचक भयंकर चिडले, फसवणूक म्हणाले. डोरोथी सेयर्स या दुसऱ्या मोठ्या लेखिका मात्र ख्रिस्तींच्या बाजूने उभ्या राहिल्या. मी सेयर्सबाईंच्या पार्टीत. दुसऱ्यांदा वाचा, एकही वाक्य खोटं नाही.

शेवटचं सांगतो आणि शटर ओढतो. गेल्या आठवड्यात ही गोष्ट मी पप्पांना सांगितली. ते रात्रीचं रजिस्टर लिहीत होते. झोपेच्या, चिंतेच्या काही गोळ्या दिल्या की ते लिहावं लागतं: पेशंटचं नाव, चिठ्ठी देणाऱ्या डॉक्टरचं नाव, औषध, किती दिलं. ते लिहिता लिहिता ऐकत होते. मध्ये हं नाही, हूं नाही. मी पत्रापर्यंत आलो, मुठीवरच्या हातापर्यंत आलो. पप्पांनी पेन खाली ठेवलं, चष्मा वर केला आणि मला एक प्रश्न विचारला. चार-पाच शब्दांचा.

मी गप्प. पॉयरोला तिथे पोहोचायला अख्खी कादंबरी लागली.

तो प्रश्न काय होता, ते सांगत नाही. सांगितला तर पुस्तक सांगितल्यासारखंच होईल. मी विचारलं, "तुम्हाला कसं कळलं?" तेवढ्यात पानपट्टीपाशी थांबलेला एक माणूस रस्ता ओलांडून आला. पप्पा उठले आणि त्यांनी खाकी कागद फाडला.