फोटोत न दिसणारी बाजू

[दृश्य: जुना काळा-पांढरा फोटो. कॅमेरा त्यावरून सावकाश सरकतो.]

या फोटोकडे नीट बघा. लोखंडी चाकं, मधोमध उभं इंजिन, बाजूला जडशीळ फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाची फिरकी एकसारखी ठेवणारं चाक. वाफेची गाडी म्हणावी तर बॉयलर कुठे दिसत नाही. धुराडं नाही, कोळशाची पेटी नाही.

हा 1892 सालचा फ्रोलिक ट्रॅक्टर. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात फ्रोलिक नावाच्याच छोट्याशा गावात तो जोडला गेला. त्या वर्षी तिथे एकच तयार झाला आणि तो आज शिल्लक नाही. संग्रहालयात नाही, कुणाच्या गोठ्यात गवताखाली दडलेलाही नाही.

मग त्याची प्रतिकृती करायची म्हणजे नेमकं काय करायचं? समोर मूळ वस्तू असली तर माणूस तिची मापं घेतो. इथे आहे तो फोटो, आणि फोटोला एकच बाजू असते. यंत्राला दोन असतात.

[दृश्य: कार्यशाळा. फळ्यावर खडूने काढलेलं पूर्ण आकाराचं रेखाचित्र.]

कारागिरांनी तीन रंगांचे खडू घेतलेत. जे पक्कं ठाऊक आहे ते पांढऱ्याने. जे त्या काळच्या दुसऱ्या यंत्रावरून उसनं घेतलंय ते पिवळ्याने. आणि जो निव्वळ अंदाज आहे तो लाल. पहिल्या दिवशी आम्ही कॅमेरा लावला तेव्हा फळा जवळजवळ लालच होता.

आधी पांढऱ्याचं बोलू.

जॉन फ्रोलिक, जन्म 1849. धान्याचा व्यवहार, विहिरींसाठी बोअर मारणं, आणि हंगामात माणसं-यंत्रं घेऊन डाकोटाच्या सपाट मुलखात मळणीची कंत्राटं, असा त्याचा पसारा. मळणीयंत्र वाफेच्या इंजिनावर चालायचं, आणि वाफेचं इंजिन म्हणजे दारात बांधलेला हत्ती. त्याला कोळसा लागतो, पाणी लागतं आणि सतत कुणीतरी जवळ लागतं. त्या गवताळ माळावर दोन्ही गोष्टी लांबून गाडीत घालून आणायच्या. त्यात धुराड्यातून उडालेली ठिणगी वाळल्या काडावर पडली की वर्षाचं पीक डोळ्यांदेखत जातं.

विहिरींच्या कामात फ्रोलिकने आधी पेट्रोलवर चालणारं छोटं इंजिन वापरून पाहिलं होतं. त्यामुळे 1892 मध्ये त्याने विल मान या सोबत्याला घेऊन जे केलं ते आभाळातून पडलेलं नव्हतं. सिनसिनाटीच्या व्हॅनड्यूझन कंपनीचं एका सिलिंडरचं उभं इंजिन आणलं. रॉबिन्सन कंपनीच्या वाफेच्या गाडीची चाकं आणि चालगाडा घेतला. एकावर दुसरं बसवलं, आणि मधला दुवा, म्हणजे इंजिनाची फिरकी चाकांपर्यंत नेणारी यंत्रणा, स्वतः जुळवली.

अर्थात मूळ यंत्रसुद्धा एक प्रकारे जोडजमवच होतं. प्रतिकृती करणाऱ्याला हा मोठाच दिलासा. फ्रोलिकचा ट्रॅक्टर उरला नाही, पण त्याचे चुलतभाऊ उरलेत. रॉबिन्सनची वाफेची इंजिनं अजून काही संग्राहकांकडे आहेत, व्हॅनड्यूझनची लहान इंजिनंही आहेत. त्यांच्याकडे जायचं, टेप लावायचा, आणि परत येऊन फळ्यावरचा थोडा लाल पुसून पिवळा करायचा.

[दृश्य: टेबलावर कॅलिपर, चौकोनी नट, गंजलेला बोल्ट.]

या चौकोनी नटाकडे कुणी लक्ष देणार नाही. पण दुकानातला आजचा षटकोनी नट मेट्रिक आट्यांसकट इथे बसवला, तर जाणकाराला तो दहा पावलांवरून खटकतो. अमेरिकेत त्या काळी विल्यम सेलर्सने 1864 मध्ये मांडलेली आट्यांची पद्धत रुळत होती. आट्याचा कोन 60 अंश. इंग्लंडमधली व्हिटवर्थची पद्धत 55 अंशांची. पाच अंशांचा हा फरक नट बसवल्यावर दिसत नाही. तरीही इथला प्रत्येक बोल्ट 60 अंशांचा आहे. का, असं आम्ही विचारलं. उत्तर मिळालं, “उद्या कुणी उघडला तर?”

[दृश्य: लाकडी पॅटर्न. सुताराच्या हातात पट्टी.]

आता सिलिंडर. त्याचं माप पांढऱ्या खडूत आहे. व्यास 14 इंच आणि पिस्टनची धाव 14 इंच. घरातली पाण्याची बादली आत सहज उतरेल. हिशेब केला तर 2,155 घन इंच, म्हणजे 35 लिटरच्या पुढे. आजच्या छोट्या मोटारीची चारही सिलिंडरं मिळून लिटर-सव्वा लिटर होतात. इथे एकच सिलिंडर, तेही उभं.

असं सिलिंडर विकत मिळत नाही. ते ओतावं लागतं. त्यासाठी आधी लाकडाचा पॅटर्न. त्या लाकडाभोवती वाळू ठासायची, लाकूड काढून घ्यायचं आणि राहिलेल्या पोकळीत वितळलेलं बीड ओतायचं. सांगायला सोपं. पण बीड थिजताना आकसतं, साधारण शंभरात एक भाग. मीटरभर लांबीला 10 मिलिमीटर. म्हणून पॅटर्न करणाऱ्याची पट्टीच निराळी असते. तिच्यावरचा इंच खऱ्या इंचापेक्षा किंचित मोठा आखलेला असतो. वस्तू खऱ्या मापाची हवी म्हणून खोट्या पट्टीने मोजायचं. मला हे फार आवडलं.

त्याशिवाय पॅटर्नच्या बाजूंना हलका उतार हवा, नाहीतर तो वाळूतून वर खेचताना साचा ढासळतो. लेथवर छिलण्यासाठी जादा जाडी हवी. आणि सिलिंडरच्या दुहेरी भिंतीत थंड पाणी खेळायचं असतं, ती पोकळी ठेवायला साच्यात वाळूचाच एक घडवलेला गाभा बसवावा लागतो. सगळी गोम तिथे आहे.

[दृश्य: ओतशाळा. मोठ्या पळीतून बीड ओतलं जातंय. निवेदन थांबतं, फक्त आवाज.]

ही पहिली ओतणी. दोन दिवस वाळूतच निवू दिली. बाहेर काढल्यावर ठोकून पाहिली, तर घंटेसारखा स्वच्छ नाद आला. जाता जाता सांगतो, सिनसिनाटीत व्हॅनड्यूझन हे नाव घंटांच्या ओतशाळेसाठीही प्रसिद्ध होतं. त्यामुळे त्या नादाने सगळेच खूश झाले.

मग सिलिंडर बोअरिंगला, म्हणजे आतून गोल कोरून मापात आणायला लावलं. पाव इंच जाडी उतरली आणि एका बाजूला छिद्र पडलं. आतला गाभा ओतताना सरकला होता. एका बाजूची भिंत दुप्पट जाड, दुसरीकडे कागद. तीन आठवड्यांचं काम भंगारात गेलं.

त्या संध्याकाळी कुणी फारसं बोललं नाही. दुसऱ्या दिवशी गाभ्याला आणखी दोन ठिकाणी आधार द्यायचं ठरलं. 1892 च्या ओतशाळेतही असे सिलिंडर वाया जात असणारच. फक्त वाया गेलेल्याचे फोटो कुणी काढून ठेवत नाही.

[दृश्य: बेअरिंगची कामं. मेणबत्तीची काजळी शाफ्टवर धरली आहे.]

फ्लायव्हीलच्या शाफ्टला आजचे छऱ्यांचे बेअरिंग चाललेच असते. कमी कटकटीचे आणि जास्त टिकाऊ. इथे ते नाकारून बॅबिट ओतलं. कथील, तांबं आणि अँटिमनी यांचा हा मऊ मिश्रधातू, आयझॅक बॅबिटने 1839 मध्ये काढलेला. शाफ्ट जागेवर मधोमध बसवायचा, गरम करायचा, त्यावर काजळी धरायची म्हणजे धातू चिकटत नाही. कडेच्या फटी मातीने लिंपायच्या. मग वितळलेला धातू एका धारेत ओतायचा. मध्ये हात थांबला तर सांधा राहतो आणि तो सांधा पुढे दगा देतो. धातू पुरेसा तापला का, हे देवदाराची काडी सांगते. काडी काळी पडली पाहिजे, पण पेट घेता कामा नये.

थंड झाल्यावर निळा रंग लावून शाफ्ट फिरवायचा, जिथे निळं उमटेल तिथे हाताने खरवडायचं. पुन्हा रंग, पुन्हा खरवडणं. हे आम्ही चार तास चित्रित केलं. तुम्हाला आठ सेकंद दाखवतोय.

[दृश्य: दातेरी चाकं. मागे फ्रोलिकचा फोटो अंधूक दिसतो.]

आता लाल खडूच्या मुलखात शिरू. पुढे-मागे जाण्याची यंत्रणा.

“जगातला पहिला पेट्रोल ट्रॅक्टर” अशी पाटी या यंत्राच्या गळ्यात बांधली जाते. जरा सांभाळून. 1889 मध्येच चार्टर कंपनीचं पेट्रोल इंजिन वाफेच्या गाडीच्या चालगाड्यावर चढलं होतं. फ्रोलिकचं खरं मोठेपण असं की त्याचा ट्रॅक्टर भरवशाने पुढेही जायचा आणि मागेही. आज हे ऐकून हसू येईल. मागे जाण्यात काय एवढं?

मळणी डोळ्यांसमोर आणा. ट्रॅक्टर मळणीयंत्र ओढत शेतात आणतो. ते जमिनीवर पक्कं बसवलं जातं. मग ट्रॅक्टर वळून तोंड मळणीयंत्राकडे करतो आणि दोघांमध्ये लांबलचक पट्टा चढवतात. पट्टा ढिला असेल तर घसरतो आणि मळणी बंद. म्हणून ट्रॅक्टरने थोडं मागे सरकून पट्टा ताणायचा, आणि तिथेच चाकांना अडणी लावायची. वीतभर कमी-जास्त झालं तरी काम बिघडतं. मागे जाता आलं नाही तर हे चार टनांच्या आसपासचं धूड माणसांनी ढकलायचं.

त्या सप्टेंबरात फ्रोलिकने ट्रॅक्टर रेल्वेने दक्षिण डाकोटातल्या लँगफोर्डला नेला. 52 दिवसांत 72,000 बुशेल धान्य मळलं. गव्हाच्या वजनाने मोजलं तर रोजचे पावणेचारशे क्विंटल. असा पल्ला मारणाऱ्या यंत्राची मागे सरकण्याची कळ कच्ची असून चालणारच नव्हती.

पण ती आत नेमकी कशी होती? फोटोत ती फ्लायव्हीलच्या पलीकडे आहे. कारागिरांनी त्या काळच्या वाफेच्या गाड्यांचे गिअर पाहिले, जुनी पेटंटं चाळली, आणि फ्रोलिकच्या हाताशी असलेल्या वस्तूंतून एखादा लोहारकाम जाणणारा माणूस काय करेल, एवढा एकच प्रश्न धरून बसले. तीन आराखडे झाले. दोन कागदावर सुंदर होते, पण ते करायला जी हत्यारं लागतात ती खेड्यातल्या लोहाराकडे असणं कठीण. तिसरा ओबडधोबड. तोच घेतला.

यावर वाद होऊ शकतो, झालाही. सुंदर आराखडा बाद करणं हे कारागिराच्या जिवावर येतं. माझ्या मते निर्णय बरोबर होता.

[दृश्य: फ्लायव्हीलला दोन माणसं जोर लावत आहेत.]

पहिले सात प्रयत्न फुकट. आठव्या वेळी एक फटका बसला आणि पुन्हा शांतता. मग दुसरा फटका. मग लागोपाठ. एवढा मोठा पिस्टन एकटा वर-खाली धावू लागला की त्याचा तोल पुरता सावरता येत नाही. प्रतिभाराने थोडा धक्का कमी होतो इतकंच. सिलिंडर उभं असल्यामुळे सगळं धूड जागच्या जागी उड्या मारतं. पहिल्याच दहा मिनिटांत चार नट सैल झाले. आणि मग कळलं की बाहेरच्या बोल्टना दुहेरी नट असावेत. लाल खडूतला एक अंदाज यंत्राने स्वतःच दुरुस्त करून दिला.

[दृश्य: फ्रोलिकच्या कंपनीची कथा सांगणारी जुनी अक्षरं, कागदपत्रं.]

लँगफोर्डच्या हंगामानंतर आयोवातल्याच वॉटरलू शहरात या ट्रॅक्टरसाठी कंपनी निघाली. तिने चार ट्रॅक्टर बनवले. दोन विकले गेले आणि दोन्ही ग्राहकांनी परत पाठवले. 1895 मध्ये कंपनीचं नाव बदललं, नुसती इंजिनं विकायचं ठरलं आणि फ्रोलिक बाहेर पडला. पुढे त्याच कंपनीने ‘वॉटरलू बॉय’ ट्रॅक्टर काढला, तो चालला, आणि मार्च 1918 मध्ये जॉन डिअर कंपनीने 23 लाख 50 हजार डॉलरना सगळी कंपनी घेतली. फ्रोलिक 1933 पर्यंत जगला. जॉन डिअरच्या हिरव्या-पिवळ्या ट्रॅक्टरांची पहिली रांग त्याने पाहिली असेल.

[दृश्य: मोकळं शेत. मळणीयंत्र, लांब पट्टा. ट्रॅक्टर वळतो.]

आज पट्टा चढवायचाय. चालवणाऱ्याने कळ ओढली. दात्यांचा खडखडाट झाला, एक गचका बसला, आणि चाकं उलटी फिरली. वीतभर. आणखी थोडं. पट्टा ताणला.

या वळणावर ट्रॅक्टरची ती दुसरी बाजू प्रथमच पूर्ण उजेडात आली. इकडे दातेरी चाकं आहेत, ओबडधोबड कळ आहे, दुहेरी नट आहेत. चालगाड्याच्या तुळईवर, गुडघ्याच्या उंचीवर, पितळी पट्टी ठोकलेली दिसतेय. तिच्यावर ‘प्रतिकृती’ हा शब्द आणि बनवल्याचं वर्ष पंचाने खोल उठवलंय, घासून जाणार नाही इतकं. पट्टी कुठे लावायची यावर फार चर्चा झाली नाही. ती या बाजूलाच लावली.