हात ठेवला की वाटा आला

(बालदिनानिमित्त कोल्हापुरातल्या एका चर्चच्या सभागृहात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

प्रभूमध्ये प्रिय बंधुभगिनींनो, आणि आसपासच्या गल्ल्यांमधून आवर्जून आलेल्या सगळ्यांना नमस्कार.

मार्कच्या शुभवर्तमानाचा दहावा अध्याय काढा. आधी परूशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणारे यहूदी, येऊन विचारतात, नवऱ्यानं बायकोला टाकणं रास्त आहे का? पुढे एक श्रीमंत माणूस धावत येतो आणि सार्वकालिक जीवनाचं वतन मिळायला काय करू, असं विचारतो. या दोन प्रश्नांच्या मध्ये, चारच वचनांत, लेकरं येतात. त्यांना काही विचारायचं नाही, त्यांच्या पदरी काही नाही. लूक तर सांगतो की त्यांत तान्ही बाळंही होती, म्हणजे कुणाच्या तरी कडेवरून आलेली. शिष्य आणणाऱ्यांना दटावतात. येशू रागावतो तो शिष्यांवर. मग तो लेकरांना कवेत घेतो, त्यांच्यावर हात ठेवतो आणि आशीर्वाद देतो.

हात ठेवून आशीर्वाद देण्याची रीत त्याच्या लोकांत फार जुनी. बायबलमधल्या उत्पत्ती या पुस्तकाच्या ४८व्या अध्यायात म्हातारा याकोब आहे. दृष्टी अधू झालेली. योसेफाच्या दोन्ही मुलांचे तो मुके घेतो, त्यांना कवटाळतो आणि हातांची आडवी घडी घालतो: उजवा हात धाकट्या एफ्राइमावर, डावा थोरल्या मनश्शेवर. योसेफ त्याचा हात धरून उचलू पाहतो, थोरला हा आहे म्हणतो. म्हातारा म्हणतो, ठाऊक आहे मला, बाळा. हा प्रसंग आपण रंगवून सांगतो. पण त्याआधीचं त्याचं बोलणं वाचताना निसटून जातं. तो म्हणतो, रऊबेन आणि शिमोन जसे माझे, तसे हे दोघे माझे. नातवंडांना त्यानं लेकांच्या बरोबरीनं वारस केलं. मला आज एवढंच सांगायचं आहे: आशीर्वाद म्हणजे वाटा देणं. ज्याच्या डोक्यावर आपण हात ठेवला, त्याचा आपल्या ताटात आणि आपल्या वेळेत हक्क लागला.

येशूच्या काळात हे किती अवघड होतं, ते एका पत्रावरून कळतं. इजिप्तमध्ये सापडलेलं हे पत्र इ.स.पूर्व १ सालचं आहे. कामासाठी अलेक्झांड्रियात राहिलेला हिलारिओन गरोदर बायकोला लिहितो, मुलगा झाला तर राहू दे, मुलगी झाली तर टाकून दे. त्याच पत्रात घरातल्या लहानग्याची काळजी घे म्हणून तो काकुळतीनं विनवतो. माणूस प्रेमळच आहे. फक्त त्याच्या प्रेमात त्या मुलीचा वाटा नाही. सुरुवातीच्या ख्रिस्ती मंडळींनी आपल्या माणसांना हे बाळ टाकणं निक्षून मना केलं.

हे पत्र परक्या देशाचं म्हणून बाजूला ठेवू नका. २००१च्या जनगणनेत आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे ८३९ मुली होत्या, २०११ला ८६३. ऊस, दूध, शाळा, सगळं असलेल्या जिल्ह्याचे हे आकडे आहेत. मला ते वाचताना आजही गलबलून येतं.

उलट पंडिता रमाबाई बघा. १८९६-९७च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीनं खंगलेल्या शेकडो मुलींना घेऊन आल्या. केडगावच्या मुक्ती सदनात त्या मुलींना अन्न मिळालं, अक्षर मिळालं, हाताला काम मिळालं. याला मी आशीर्वाद म्हणते. आणि शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला, तेव्हा संस्थानच्या तिजोरीत लेकरांचा वाटा लागला. महाराज ख्रिस्ती नव्हते. पण लेकरांना अडवू नका, हे येशूचं म्हणणं त्यांनी कायद्यानं करून दाखवलं.

आता आपल्या दारातलं बोलते. उपासना चालू असताना बाळ रडायला लागतं. कुणीतरी वळून बघतं, कुणीतरी हातानं खूण करतं. त्याची आई, पोरसवदा, उठते, खांद्यावर बाळ, एका हातात दुधाची बाटली, आणि बाहेर चपलांशेजारी पायरीवर बसते. आतला उपदेश तिला तुटक तुटक ऐकू येतो. शिष्यसुद्धा वाईट माणसं नव्हती. त्यांना गुरूचा वेळ राखायचा होता. येशूला नेमकं तेच सहन झालं नाही.

आणि दारापर्यंत न आलेली लेकरंही आहेत. गळीत हंगाम सुरू झाला, बीडकडच्या ऊसतोड कामगारांच्या टोळ्या आल्या. कारखान्याच्या रस्त्याला त्यांच्या कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, पडल्यात. आई-बाप पहाटे फडात जातात. बैलगाडीच्या सावलीत साडीची झोळी, झोळीत तान्हं, आणि झोका द्यायला सात-आठ वर्षांची बहीण. तिची शाळा गावाकडे सुटलेली, इथली धरलेली नाही. नाताळात तिला बोलावून केक द्यावा, जरूर द्यावा. पण तिचा वाटा केकापुरता नाही. हंगाम संपेपर्यंत दर शनिवारी दुपारी दोन तास कोप्यांवर जायचं, वाचन घ्यायचं, आणि जवळच्या शाळेत तिचं नाव घालण्यासाठी मुख्याध्यापकांना भेटायचं, असं आम्ही शब्बाथ शाळेच्या, म्हणजे चर्चमधल्या मुलांच्या धर्मशिक्षण वर्गाच्या, शिक्षिकांनी ठरवलं आहे. ज्यांना यायचं आहे त्यांनी जाताना नाव द्या. ज्यांच्याकडे गाडी आहे, त्यांनी तेही सांगा, कोप्या लांब आहेत.